गाडीत राहून गेलेले जुने मालक

आजचा विषय गाडीचा आहे, आणि तोही नव्या गाडीचा नाही. दोन-तीन मालकांच्या हातून गेलेल्या, कुणी इंजिन बदललेल्या, कुणी वायरी ओढलेल्या जुन्या गाडीचा. बचत गटाच्या कार्यक्रमात हे कशाला, असं एखादीला वाटेल. पण आपल्या भागातल्या बायका भाजी, दूध, पापड-मसाले पोचवायला आता स्वतःची गाडी बघू लागल्या आहेत. २०१७ साली केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, तेव्हापासून गटातल्या बाईची प्रवासी गाडी ही कल्पनाही नवी राहिली नाही. योजनेतून गाडी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर हातात असतात गटाचे पै-पै साठवलेले पैसे आणि समोर उभी असते जुनी पिकअप. ती घेतली की दुरुस्ती आली. आणि बॉनेट उघडलं की मिस्त्री पहिलं वाक्य हमखास बोलतो, "ताई, हे कंपनीचं नाही. कुणीतरी नंतर बसवलंय."

हा "कुणीतरी" कोण, त्याने तसं का केलं, आणि त्याच्या कामातून वाट काढून दुरुस्ती कशी करायची, याला आपल्याकडे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. तो सगळ्यात चांगला दिसतो जीपमध्ये. अंबड-सातपूरकडे राहून जीपबद्दल बोलायचं म्हणजे घरातलंच बोलायचं. इथे कुणाचा नवरा, कुणाचा दीर, आता कुणाची मुलगीही गाड्यांच्या किंवा सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला आहे.

जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेत. १९४१ ते १९४५ या काळात विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून ६ लाखांहून जास्त जीप बनवल्या. चिखलात, वाळूत, डोंगरात चालावी म्हणून चारही चाकांना जोर दिलेला, आणि रणांगणात साध्या शिपायालाही खोलता यावी म्हणून रचना अगदी सरळ. जी गाडी सहज खोलता येते तिच्यात बदलही सहज करता येतात, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली आणि फार त्रासाचीही झाली. युद्ध संपल्यावर लष्कराने नको असलेल्या गाड्या विकायला काढल्या. जुनी माणसं "डिस्पोजलची जीप" म्हणतात ती हीच.

१९४५ मध्ये के. सी. आणि जे. सी. महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. १९४९ मध्ये मुंबईला माझगावात बाहेरून आलेले सुटे भाग जोडून विलीसची जीप तयार होऊ लागली आणि हळूहळू भागही इथेच बनायला लागले. नाशिकचा गाड्यांचा कारखाना, इगतपुरीचा इंजिनांचा कारखाना हे त्यानंतरचं. २००० साली आलेली बोलेरो आणि २००२ ची स्कॉर्पिओ आपल्या नाशिकात बनल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता बदलांकडे येऊ. युद्धातल्या जीपची वीज ६ व्होल्टची होती. नंतरच्या गाड्या १२ व्होल्टच्या आल्या, बाजारात बॅटऱ्याही १२ व्होल्टच्याच मिळू लागल्या. मग जुन्या जीपच्या मालकाने काय केलं? १२ व्होल्टची बॅटरी टाकली, बल्ब बदलले, आणि गाडी चालतेय म्हणून बाकीचं तसंच ठेवलं. काही दिवसांनी डिझेल-पेट्रोलचा काटा जळला. तो जळलेलाच राहिला. पुढच्या मालकाने काठी बुडवून टाकी बघायची सवय लावून घेतली. त्याच्या पुढच्याने हौसेने नवा काटा बसवला तर तोही जळला, कारण मूळ वायरींत कुठे जुना ६ व्होल्टचा नग आहे आणि कुठे नवा १२ चा, हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

सगळ्यात मोठा बदल मात्र इंजिनाचा. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, जगभर भाव भडकले, आपल्याकडेही पेट्रोल एकदम महागलं. डिझेल मात्र शेती आणि मालवाहतुकीसाठी सरकारने स्वस्त ठेवलं होतं. जीप होती पेट्रोलवरची. साखर कारखान्याचा संचालक, द्राक्षबागाईतदार, गावोगाव फिरणारा व्यापारी, सगळ्यांनाच ती पोसणं जड झालं. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनाचा करार केला. त्या इंजिनाचं नाव एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. कंपनीच्या नव्या जीप डिझेलवर आल्या, पण ज्यांच्या दारात जुनी पेट्रोल जीप होती त्यांनी नवी कशाला घ्यावी? त्यांनी गॅरेजमध्ये नेऊन इंजिनच बदललं. कुणी भंगारातलं जीपचं डिझेल इंजिन टाकलं, कुणी ट्रॅक्टरच्या जातीचं, कुणी मॅटाडोरचं. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनी मॅटाडोर बनवायची आणि तिचं मर्सिडीजच्या तंत्राचं डिझेल इंजिन इतकं टिकाऊ, की लोकांनी ते अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसवलं, फियाटमध्ये बसवलं, जीपमध्येही बसवलं.

मला त्या मिस्त्र्यांचं कौतुक वाटतं. कुठलं पुस्तक नाही, कंपनीचा नकाशा नाही. लोखंडी पट्टी कापून, वेल्डिंग करून ते परक्या इंजिनाला जागा करून द्यायचे. पण ताईंनो, सून बदलली म्हणून घरातलं बाकी सगळं आपोआप बदलत नाही. डिझेल इंजिनात दाब फार. पेट्रोल इंजिन हवा साधारण सात पट दाबतं, ते जुनं डिझेल वीस पटींहून जास्त. तो दाब सोसायला इंजिनाचं लोखंड जाड, म्हणून वजन जास्त. पुढचे पाटे दबायचे, मग त्यांत एक जादा पाटा घातला जायचा. गाडी पुढून जड झाली, तरी ब्रेकचे ड्रम राहिले तेच, ९ इंचांचे, हलक्या जीपसाठी बनवलेले. गाडी पळेल याची काळजी घेतली जायची, थांबेल का याची तितकी नाही. माझ्या मते जुन्या बदललेल्या गाडीत सगळ्यात आधी तपासायची जागा हीच आहे.

आणखी एक गंमत बघा. विलीसचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत पळायचं. ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल त्याच्या निम्म्यावर दमतं. म्हणजे डिझेल टाकलं की गाडी हळू झाली. वेग वाढवायला मालकाने मागच्या धुऱ्यातला क्राउन-पिनियन बदलला. युद्धातल्या जीपमध्ये इंजिनाकडून येणारा शाफ्ट ४.८८ वेळा फिरला की चाक एकदा फिरायचं. नंतरच्या नागरी जीपमध्ये ५.३८ वेळा. तर ५.३८ चा काढून ४.८८ चा घातला की गाडी थोडी जास्त पळायची. पण हा बदल पुढच्या आणि मागच्या, दोन्ही धुऱ्यांत करायला हवा. काहींनी पैसे वाचवून फक्त मागे केला. आता चारही चाकांचा जोर लावला की पुढची चाकं एक वेग मागतात आणि मागची दुसरा. कोरड्या डांबरी रस्त्यावर अशी गाडी स्वतःचेच दात तोडते. हे कळल्यावर त्याच मालकाने पुढचा शाफ्ट काढून घराच्या माळ्यावर टाकला आणि गाडी नुसती मागच्या चाकांवर चालवली. मग गाडी विकली.

नवा मालक बघतो तर पुढचा शाफ्ट नाही. तो म्हणतो, चोराने नेला असेल, मिस्त्री विसरला असेल. बाजारातून शाफ्ट आणून बसवतो, पावसात चिखलात गिअर टाकतो, निभावतं. आणि बाहेर रस्त्यावर आल्यावर गिअरपेटीतून आवाज येतो. शाफ्ट नव्हता ही गाडीतली उणीव दिसत होती, पण तो मुद्दाम काढलेला होता. जाणता मिस्त्री अशा वेळी शाफ्ट विकत आणण्याआधी गाडी जॅकवर घेतो, मागची दोन्ही चाकं बरोबरीने एक फेरा फिरवतो आणि शाफ्ट किती फिरला ते मोजतो. खडूची एक खूण पुरते. मग पुढचंही तसंच मोजतो. एकीकडे फेरे पाचाला थोडे कमी आणि दुसरीकडे पाचाहून बरेच जास्त भरले, की शाफ्ट का काढला होता ते कळलं.

अशा गाडीला सुटे भाग मिळवणं हीसुद्धा एक कला. आरसी बुकावर १९६८ ची पेट्रोल जीप, इंजिन १९८२ च्या डिझेल गाडीचं, गिअरपेटी तिसऱ्याच गाडीची. दुकानदाराला गाडीचं नाव आणि साल सांगून भाग मागितला तर तो बसतच नाही. म्हणून गॅरेजवाल्यांची जुनी रीत, नग नेऊन नग आणणे. जुनी क्लच प्लेट पिशवीत घालून न्यायची, दात मोजायचे, व्यास लावून बघायचा, मगच नवी घ्यायची. मुंबईत कुर्ला, आणि आपल्याकडे अंबड लिंक रोडचा भंगार बाजार. तो २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने मोठ्या बंदोबस्तात हटवला. बेकायदा होता, आगीची भीती होती, हे खरं. पण लोखंडाच्या ढिगातून अचूक नग काढून देणारी नजर तिथे होती, हेही खरं.

जीपनंतरच्या काळात बदलांची कारणं बदलली. काळी-पिवळी जीप गावोगाव धावू लागली तशी मागे आडवे बाक आले, फूटबोर्ड लांबला, पाटे वाढले. आपण सगळ्या त्या बाकांवर बसून तालुक्याला गेलो आहोत, तेव्हा नावं ठेवायला जागा नाही. पण जादा पाटा घातलेली गाडी रिकामी चालली की दगडासारखी उडते, आणि पुढच्या मालकाला त्यात फक्त भाजी न्यायची असली तर टोमॅटोचे क्रेट खाली पोचेपर्यंत चटणी होते. अशा वेळी पाटा काढण्याआधी विचारायचं की मागचा जुना पाटा तुटला होता म्हणून हा घातला, की माणसं जास्त बसायची म्हणून? पहिलं असेल तर नुसता काढून चालणार नाही, मूळ पाटा बदलावा लागेल.

१९८४ मध्ये मारुतीची ओम्नी आली. पेट्रोल वाचवायला तिच्यात लोकांनी घरचा १४.२ किलोचा सिलिंडर सीटखाली बसवला. आपल्या चुलीसाठीचा तो सिलिंडर हलायला, आदळायला, गाडीच्या उन्हात तापायला बनवलेला नाही. त्यावर गाडी चालवणं तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन गाडीसाठीच्या मान्यताप्राप्त गॅस किटचा रस्ता मोकळा झाला. तरी जुन्या ओम्नीत सीटखाली रबरी नळीचं तोंड, जाळीवरचे ओरखडे, बंद केलेला कॉक असे माग अजून सापडतात. हा असा एक बदल आहे की ज्याचं कारण शोधत बसायचं नाही. सगळं मुळापासून काढायचं, पेट्रोलच्या नळ्या नव्या टाकायच्या. आणि मान्यताप्राप्त सीएनजी किट असेल तर सिलिंडरवरची तारीख वाचायची. दर ३ वर्षांनी त्याची दाबचाचणी व्हावी लागते. विकणारा म्हणतो, "किट ओरिजिनल आहे." असेल, चाचणीचा कागद कुठे आहे?

आपल्या गटांना लागते ती पिकअप. तिच्यातल्या बदलांपैकी वायरींचा गोंधळ सगळ्यात जास्त. आधीच्या मालकाने गाणी लावली, जादा दिवे लावले, चार आवाजांचा हॉर्न लावला. एक हिशेब करून बघा, आपल्याला हिशेब येतो. ५५ वॅटचे दोन जादा दिवे म्हणजे ११० वॅट. गाडीची वीज १२ व्होल्ट. भागाकार केला की ९ अँपिअरहून जास्त वीज. ती रिले न लावता बारीक वायरीतून आणि छोट्या बटणातून नेली की वायर तापते, फ्यूज उडतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी १० च्या जागी ३० चा फ्यूज घालतो, नाहीतर तांब्याची तार गुंडाळतो. फ्यूज आधी वितळावा आणि वायर वाचावी, एवढ्यासाठी तो असतो. त्याच्या जागी तार आली की वितळण्याची पाळी वायरीवर येते, आणि वायरीच्या शेजारी डिझेलची नळी असते.

हे सोडवताना घाईने मध्येच पक्कड लावायची नाही. चांगला वायरमन आधी बॅटरीचं मायनस टोक सुटं करतो. मग जादा वायर तिच्या शेवटापासून धरून उगमापर्यंत जातो, कारण मधल्या एखाद्या सांध्यावरून मूळचा ब्रेकचा दिवाही चालवलेला असू शकतो. प्रत्येक टोकाला कागदी पट्टी, पट्टीवर आकडा, आकडा वहीत. आपली लेखापाल बदलते तेव्हा नवी लेखापाल जुनं दप्तर फाडून टाकत नाही, आधी नोंदी जुळवते, तसंच हे. मी तर म्हणते गाडीचं दप्तर गटानेच ठेवावं. काय काढलं, काय बसवलं, कोणत्या तारखेला, कुणी.

गौळाण्याकडच्या एका गटाची पिकअप हिवाळ्यात सकाळी पांढरा धूर काढायची आणि डिझेल जास्त खायची. मिस्त्र्याने खोलून बघितलं तर थर्मोस्टॅटच नव्हता. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप. पाणी साधारण ८० अंशांच्या आसपास तापेपर्यंत ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं; मग उघडते आणि पाणी रेडिएटरमध्ये थंड व्हायला जातं. ती नसली की इंजिन बराच वेळ गारच राहतं, डिझेल नीट जळत नाही. नवी झडप बसवली, धूर थांबला. तिसऱ्या दिवशी विल्होळीच्या चढावर भरलेल्या गाडीचा काटा लाल रेघेला टेकला. मिस्त्री म्हणाला, "आपल्याकडच्या उन्हात ही झडप चालत नाही, काढून टाकू." हे वाक्य तुम्ही कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकाल. त्या गटातल्या एका मावशींनी विचारलं, "दादा, आधीच्याने ती काढली तेव्हा त्याची गाडी पण अशीच तापत असणार ना? मग तापण्याचं मूळ तर तसंच राहिलं की."

रेडिएटर उतरवला. निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या, आपल्या घरी बोअरच्या पाण्याने गिझरची कांडी होते तशा. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलं होतं. पाणी पुरेसं थंड होईना, तेव्हा त्याने वाटेतली झडप काढली, प्रवाह वाढवला आणि दिवस काढले. रेडिएटर साफ करून, कूलंट भरून, झडप परत बसवली. आता तोच चढ भरल्या गाडीने जातो. शाफ्टची गोष्ट आणि झडपेची गोष्ट एकाच घरातली. जुन्या मालकाचा बदल हे बहुतेक वेळा एखाद्या जुन्या दुखण्यावरचं औषध असतं. औषध बंद करण्याआधी दुखणं गेलं का, हे बघावं लागतं.

पुढच्या लोखंडी गार्डचं मात्र तसं नाही. तो बहुतेक हौसेचा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड काढायला लावण्याविषयी कळवलं. गाडीची पुढची बाजू धडकेत दुमडावी आणि आतल्या माणसाला धक्का कमी बसावा अशी बनवलेली असते. गार्ड तो धक्का सरळ चासीवर नेतो, आणि समोर पायी चालणारं माणूस असेल तर त्याचे हाल विचारूच नका. काढून भंगारात द्यावा. वजन चांगलं भरतं.

कायदाही माहीत हवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने ठरवलेल्या मूळ नोंदीपेक्षा आरसीतला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधनाचं मान्यताप्राप्त किट किंवा इंजिन बदलणं यांसाठी परिवहन कार्यालयाचे नियम आणि नोंद आहे. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे पाळायचं, असं सांगितलं. त्याच्या वर्षभर आधी, ६ फेब्रुवारी २०१८ ला, दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं होतं की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीवर ज्याचं नाव आहे त्याची. गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून पुढे गेलेली असो. म्हणजे विकणाऱ्यालाही नाव बदलून देण्यातच फायदा आहे, हे त्याला समजावून सांगता येतं. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या लागतात.

पैसे देण्याआधी एक काम गटातल्या दोघींनी स्वतः करावं. चासी नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, ठसा उमटतो. इंजिनावरचा नंबर टॉर्च घेऊन वाचायचा, फोटो काढायचा. दोन्ही आकडे आरसीशी एकेक अक्षर लावून बघायचे. चासी जुळली आणि इंजिनाचा नंबर वेगळा निघाला, तर मधल्या कुठल्या तरी मालकाने इंजिन बदललं आणि नोंद केली नाही. ती नोंद परिवहन कार्यालयात करून घेणं विकणाऱ्याचं काम आहे, आणि ती आरसीवर चढेपर्यंत विसार सोडून बाकीचे पैसे गटाच्या खात्यातच राहू द्यायचे.